खलिया, पेशी, सेल

मी मूळची इंदापूरची. लग्नानंतर बारामतीला आले आणि गेली तेरा वर्षे येथील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बालभारतीच्या उर्दू पुस्तकात पेशीला 'खलिया' म्हणतात आणि तिच्या केंद्रकाला 'मरकजा'. मुले हे शब्द पाठ करतात, आकृती काढतात, मार्कही मिळवतात. दहावीनंतर तीच मुले अकरावी सायन्सला गेली की खलियाचा 'सेल' होतो आणि मरकजाचा 'न्यूक्लिअस'. शेजारच्या बाकावरची मराठी शाळेतून आलेली मुलगी 'पेशी' म्हणते. एकाच वस्तूची तीन नावे सांभाळता सांभाळता आमची बरीच मुले वर्षाच्या आत सायन्स सोडतात. जी टिकली त्यांच्यापैकी एका मुलीविषयी आणि माझ्या मामूंविषयी मला येथे लिहायचे आहे. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. मात्र मामूंना जो आजार आहे, त्याच आजारावर ही मुलगी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते आहे.

मामू इंदापूरला असतात. एसटीत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. संध्याकाळी चाँदशावली दर्ग्यापाशी चार मित्रांबरोबर बसायचे आणि जुम्याला पहिल्या सफमध्ये उभे राहायचे, हा त्यांचा नेम. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मशिदीत जाणे बंद केले. घरच्यांना वाटले, जमातीतल्या कुणाशी बिनसले असेल. खरे कारण वेगळे होते. लघवी थेंब थेंब गळत होती आणि वजू टिकत नव्हता. बारामतीला आमच्याकडे यायचे असले की ते आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसत. मुमानीलाही त्यांनी काही सांगितले नव्हते. एकदा माझ्या भावाने छेडून विचारले तर म्हणाले, "अरे बेटा, इस उमर में सबको होताच है."

शरियतने अशा माणसाला माजूर मानून सवलत दिलेली आहे. प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वजू करून तो नमाज पढू शकतो. मौलानांना विचारले असते तर त्यांनी दोन मिनिटांत हे सांगितले असते. पण विचारायचे तर आधी आजार सांगावा लागला असता, आणि तेच मामूंना जमत नव्हते.

पुढे कंबर दुखू लागली, रात्री झोप येईना, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना बारामतीला घेऊन आला. रक्ताची पीएसए तपासणी झाली, मग तुकडा काढून तपासला, मग हाडांचा स्कॅन झाला. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून सगळे कागद माझ्याकडे आले. मामू भाचीसमोर मान खाली घालून बसले होते. प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो हाडांपर्यंत गेला होता.

आमच्या मोहल्ल्यात या दुखण्याला 'गदूद बढ गये' म्हणतात. हे म्हणणे अगदीच चूक नाही. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढते तशी ही ग्रंथी अनेकांची वाढते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती वाढ साधी असते. काहींच्या बाबतीत मात्र तो कॅन्सर असतो. त्रास वरवर सारखाच दिसतो, म्हणून मेडिकलमधली पुडी किंवा कुणाचा तरी काढा घेत दिवस काढू नयेत. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच झाला असेही नाही, तो इतर कारणांनीही वाढतो. काय आहे ते डॉक्टरच ठरवू शकतात. त्यासाठी त्यांच्यापर्यंत जावे लागते.

या आजाराच्या उपचाराचा इतिहास मी मामूंच्या निमित्ताने वाचला. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स या सर्जनने दाखवून दिले की पुरुषी हार्मोन बंद केले की हा कॅन्सर मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर कित्येक वर्षे पसरलेल्या आजारावर मुख्य उपाय हाच राहिला. सर्वांना एकच औषध. काही काळ आजार दबतो, मग पेशी हार्मोनशिवाय जगायला शिकतात. कोणाच्या पेशी वर्षात शिकतात, कोणाच्या दहा वर्षांत.

हा फरक का पडतो, हा आजच्या संशोधनाचा प्रश्न आहे. पूर्वीचे हकीम नब्ज धरून रोग्याचा मिजाज पाहायचे. एकच ताप असला तरी दोघांना दोन वेगळे नुस्खे लिहून द्यायचे. आताचे संशोधक कॅन्सरच्या पेशीचा मिजाज पाहतात, फक्त नब्जऐवजी जनुके तपासतात. २००५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला आढळले की अनेक रुग्णांच्या कॅन्सरमध्ये दोन वेगळी जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात. २००८ मध्ये त्याच गटाने दुसरा प्रकार दाखवला. सुमारे १० टक्के रुग्णांच्या पेशी 'स्पिंक वन' नावाचे प्रथिन भरमसाट तयार करतात. नाव एकच असले तरी हे आजार वेगवेगळे होते.

मामूंना डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, त्याने आम्ही सगळे गप्प झालो. घरात कोणत्या बाईला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झाला होता का? प्रोस्टेटच्या आजारात बायकांची चौकशी कशाला, असे मामूंना वाटले. कारण असे की 'बीआरसीए टू' नावाच्या जनुकातला दोष बापाकडून मुलीकडे आणि आईकडून मुलाकडेही जातो. बाईत त्यातून स्तनाचा आजार होऊ शकतो, पुरुषात प्रोस्टेटचा. अशा रुग्णांसाठी ओलापॅरिब हे गोळीचे औषध आहे. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला प्रोस्टेटच्या पसरलेल्या आजारासाठी मान्यता मिळाली. मामूंच्या अम्मी, म्हणजे माझ्या नानी, तरुणपणी वारल्या. कशाने, ते कुणी कधी बोलले नव्हते. 'नजर लगी थी' एवढेच आम्ही ऐकत आलो. माझ्या अम्मीने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले की नानीच्या छातीत गाठ होती आणि त्यांनी ती शेवटपर्यंत कुणाला दाखवली नाही. आई आणि मुलगा, दोघांनी आपापला आजार झाकून ठेवला होता.

मामूंची जनुक तपासणी झाली. तो दोष सापडला नाही. त्यामुळे ते औषध त्यांच्या कामाचे नव्हते, पण आम्हा भाच्या-पुतण्यांची एक काळजी बरीच कमी झाली. हार्मोनची इंजेक्शने आणि गोळ्या सुरू झाल्या. आज ते बरे आहेत, म्हणजे आजार दबलेला आहे. पुढे औषध लागू पडेनासे झाले तर आणखी एक वाट आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. प्रोस्टेटच्या पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन असते. त्याला जाऊन चिकटणाऱ्या औषधावर ल्युटेशियम १७७ हे किरणोत्सारी द्रव्य बसवून ते नसेतून देतात. स्कॅनमध्ये ज्याच्या पेशींवर ते प्रथिन दिसते त्यालाच हा उपचार. हे ल्युटेशियम आपल्याकडे तुर्भे येथील भाभा केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, हे वाचून मला नवल वाटले.

तपासण्यांसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आली. तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनासाठी वापरू द्याल का, असे तिने विचारले. मामूंनी विचारले, "इससे मेरेकू क्या फायदा?" ती म्हणाली, "आपको शायद कुछ नहीं, चाचा. बाद में आनेवालों को होगा." मामूंनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि उर्दूत सही केली. मला वाटले होते ते नकार देतील.

त्या तुकड्यांचे पुढे काय होते ते मला माझ्या विद्यार्थिनीने सांगितले. ती इंदापूर तालुक्यातली. वडिलांचे गॅरेज आहे. दहावी आमच्या शाळेत, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी बारामतीत. दुसऱ्या प्रयत्नात ती नेट-जेआरएफ झाली. तुकड्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेतात, रंगवतात आणि एकेक काप डोळ्यांनी मोजतात. प्लास्टिकच्या बाटल्यांत पेशी वाढवतात, त्यांना औषध देतात, कोणत्या मेल्या आणि कोणत्या तग धरून राहिल्या ते पाहतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे पाणी बदलावे लागते. एकदा ईदच्या दिवशी दुपारी मी फोन केला तर बाईसाहेब प्रयोगशाळेत. म्हणाली, "टीचर, सेल्स को ईद थोडीच मालूम है." सहा महिने केलेला प्रयोग फुकट जातो, मग पुन्हा पहिल्यापासून. कॅन्सरवर औषध निघाल्याची बातमी आपण वाचतो, तिच्या मागे अशा पंचविशीतल्या मुलामुलींची वर्षे असतात.

तिच्या टेबलाशेजारी बुशरा अतीक यांचा फोटो आहे. अतीक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकल्या आणि पुढे मिशिगनला चिन्नय्यन यांच्या गटात गेल्या. स्पिंक वन प्रकारच्या आजारावर नेमका इलाज करता येईल का, यावरचा २०११ चा निबंध त्यांच्या नावे आहे. २०१३ मध्ये त्या भारतात परतून कानपूरच्या आयआयटीत रुजू झाल्या. उत्तर भारतातील रुग्णांच्या तुकड्यांवर त्यांच्या गटाने २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशातल्या आकड्यांवर आपला इलाज ठरवायचा तर तो आपल्या लोकांना लागू आहे का, हे पाहावेच लागते. २०२० मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतून एक महत्त्वाचा निबंध आला. हार्मोन बंद करणारी औषधे एकीकडे कॅन्सर दाबतात, पण त्याच हार्मोनच्या दाबाखाली राहिलेले स्पिंक वन मोकळे होऊन वाढते, असे त्यात दाखवले आहे. या निबंधावर पहिले नाव रितिका तिवारी यांचे आणि दुसरे निशात मंजर यांचे. प्रयोगशाळा चालवणाऱ्या अतीक यांचे नाव शेवटी. विज्ञानात तशी रीत आहे, जिने हाताने काम केले तिचे नाव पुढे. मला ही रीत फार आवडली.

आपल्या राज्यातलेही उदाहरण आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती यांच्या गटाने २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्ण घेऊन एक प्रश्न सोडवला. धोका जास्त आहे पण आजार पसरलेला नाही, अशा रुग्णाला फक्त प्रोस्टेटवर किरण द्यावेत की ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही? २०२१ मध्ये निष्कर्ष आला. दोन्हीकडे किरण दिलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा आजार पाच वर्षांत पुन्हा डोके वर काढू शकला नाही, फक्त प्रोस्टेटवर दिलेल्यांत हे प्रमाण ८१ टक्के होते. त्या २२४ माणसांनी मामूंसारखीच कुठेतरी सही केली होती.

माझ्या विद्यार्थिनीची वाट सोपी नव्हती. ती एम.एस्सी. झाली तेव्हा आम्ही मौलाना आझाद फेलोशिपचा हिशेब धरून होतो. सच्चर समितीच्या अहवालानंतर, २००९ मध्ये, अल्पसंख्याक समाजातील एम.फिल., पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की २०२२-२३ पासून ती बंद करण्यात येत आहे, कारण इतर योजनांमधून या विद्यार्थ्यांना लाभ मिळतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली, ती चांगली गोष्ट आहे. पण त्या वर्षी या मुलीसमोर काहीच नव्हते. घरी स्थळे येत होती. तिचे अब्बा मला म्हणाले, "पाँच साल और? फिर कौन करेगा शादी?" मी त्यांना सांगितले की जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, तुमच्या गॅरेजमधून निघतात तेवढे तरी. ते हसले. त्यांनी एक वर्ष दिले आणि त्या वर्षात तिने परीक्षा काढली.

वाचकांना मला एवढेच सांगायचे आहे. ज्याच्या त्याच्या पेशीप्रमाणे इलाज होण्याचे दिवस आले आहेत. पण हा इलाज तयार होतो तो तुकडा देणाऱ्या माणसांतून आणि तो तपासणाऱ्या मुलांतून. आपले पुरुष शरमेने दवाखान्यात गेले नाहीत, आपल्या बायकांच्या आजाराला नाव मिळाले नाही, आपल्या मुली बारावीनंतर घरी बसल्या, तर त्या वहीत आपली नोंदच होणार नाही. मग तो इलाज आपल्याला किती लागू पडेल? तेव्हा घरातल्या मोठ्यांना लघवीचा त्रास विचारा. नानी, दादी कशाने गेल्या ते विचारा आणि लिहून ठेवा. एखादी मुलगी संशोधनाला जाते म्हणाली तर तिला निदान एक वर्ष द्या.

मामू आता जुम्याला जातात. पहिल्या सफऐवजी दाराजवळ बसतात, लवकर उठता यावे म्हणून. त्यांच्या मित्रांपैकी दोघे तपासणी करून आले, दोघांचीही वाढ साधी निघाली. माझ्या विद्यार्थिनीचा पहिला निबंध परत आला आहे, काही प्रयोग पुन्हा करायला सांगितले आहेत. ते आठ महिने चालतील, असे ती म्हणाली. आणि यंदा आमच्या शाळेतून दहावी झालेल्या तीन मुलींनी अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आहे. रविवारी सकाळी त्या माझ्याकडे येतात. सध्या आम्ही शब्दांची यादी करतो आहोत.