चेहरा आणि कारण

वर्गात आम्ही 'समझ गए?' असे विचारले की साठ मुले एका सुरात 'जी हां' म्हणतात. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक त्या उत्तरावर विसंबत नाही, चेहरे पाहतो. ज्याला कळलेले नसते त्याच्या भुवया क्षणभर जवळ येतात, नजर फळ्यावरून घसरून शेजाऱ्याच्या वहीवर जाते आणि मग घाईने हसू येते. बी.एड.ला आम्ही पाठटाचणे ढीगभर काढली. ही विद्या मात्र वर्गानेच दिली.

हसणे ओठांवर असते तसे डोळ्यांतही असते. फ्रान्सच्या द्यूशेन या डॉक्टरांनी १८६२ साली हा फरक मांडला. ओठांचे कोपरे मर्जीप्रमाणे वर ओढता येतात; डोळ्यांभोवतीचा स्नायू तितका हुकमी नाही. (सराईत माणसे तोही हलवतात, हे पुढे दिसून आले.) नकाबातल्या बाईच्या मनातले काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी निकालाच्या दिवशी आमच्या शाळेत यावे. मुलगी पास झाल्याचे आईच्या डोळ्यांत लांबून दिसते.

अमेरिकेत पॉल एकमन यांनी अर्ध्या सेकंदाच्या आत उमटून विरणाऱ्या भावांचा अभ्यास केला. दडवलेली भावना तिथे फुटते, असे त्यांचे म्हणणे. त्याच विचाराच्या आधारे २००७ पासून तिथल्या विमानतळांवर प्रवाशांचे चेहरे आणि हालचाली न्याहाळणारे अधिकारी नेमले गेले. सुमारे नव्वद कोटी डॉलर खर्च झाल्यावर, २०१३ साली, तिथल्याच सरकारी तपासनिसांनी सांगितले की हावभावांवरून खोटेपणा ओळखणे छापा-काट्याइतकेच, फार तर किंचित बरे.

आम्हाला याचे नवल वाटले नाही. दाढी-टोपीवाला माणूस तपासणीच्या रांगेत घाबरतो, कारण त्याच्यावर नजर आहे हे त्याला ठाऊक असते. ती भीती खरीच असते. तिच्यावरून त्याच्या पिशवीत काय आहे ते कसे कळावे?

'कल अब्बा को लेकर आना' म्हटले की कुणाचे ओठ घट्ट मिटतात. एकाला घरच्या माराची धास्ती असते. दुसऱ्याचे अब्बा सौदीत असतात. तिसऱ्याच्या अब्बांचा एक दिवसाचा रोज बुडणार असतो. मिटलेले ओठ तिघांचे सारखेच. म्हणून मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्याच्या टोकाला बोलावतो, आणि विचारतो.