यंत्र बंद पडते तेव्हा



शाळेतील फरशी पुसण्याचे बॅटरीवरील यंत्र अर्धा व्हरांडा होताच थांबू लागले. कारागीर म्हणाला, "दोन्ही बॅटऱ्या गेल्या." नव्या घ्यायच्या तर ग्रंथालयाचे पैसे त्यात जाणार होते. म्हणून आम्ही सोप्यापासून अवघडाकडे तपासत गेलो.

रात्रभर चार्ज करून, काही तास तसेच ठेवून मीटर लावला. प्रत्येक बॅटरीत १२.७ व्होल्ट, म्हणजे त्या नीट भरत होत्या. मग सेविका मावशींनी ब्रशला गुंडाळलेली सुतळी आणि आपल्या नौबादची लाल माती दाखवली. ब्रश अडकला की मोटर जास्त वीज ओढते. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थरही साचला होता. त्यानेही वीज अडते. वायर सोडवून टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसली, ब्रश मोकळा केला. आता यंत्र पूर्ण मजला पुसते. मुलांनी मात्र बॅटरीला हात लावू नये, आत तेजाब असते.

पालकहो, मूल अभ्यासात मागे पडले तर "याला जमणार नाही" म्हणण्यापूर्वी असेच एकेक पाहावे: फळा नीट दिसतो का, झोप पुरते का, सकाळी पोटात काही जाते का.

– मुख्याध्यापक