सुईचे भय

सुईच्या वेदनेचे भय आणि सुईच्या शुद्धतेचे भय ही दोन निरनिराळी भये आहेत. पहिले बालकांचे, दुसरे जाणत्या माणसांचे. या दुसऱ्या भयाची थट्टा करण्याचे धाडस मला होत नाही. कारण त्याला इतिहास आहे. एके काळी आपल्याकडील दवाखान्यांत काचेच्या सिरिंजा व सुया उकळून पुन्हा वापरल्या जात. पाणी पुरेसा वेळ उकळले की नाही, हे रोग्याला कसे कळावे? १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद झाली आणि ही साशंकता अधिकच वाढली. २००९ साली तर गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे 'ब' प्रकारची कावीळ पसरून अनेकांचे प्राण गेले.

आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क गृहस्थांच्या पायाची जखम महिनाभर भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासण्यास सांगितले, तरी ते टाळीत राहिले. अखेर मी त्यांना सोबत घेऊन अकोल्यातील एका प्रयोगशाळेत गेलो. बाकावर बसल्या बसल्या ते हळूच म्हणाले, "फादर, ह्या सुईनं आधी कोनाले टोचलं असन तं?"

मी तोच प्रश्न तेथील तंत्रज्ञ मुलीस विचारला. ती रागावली नाही. तिने हातमोजे बदलले, मोहोरबंद पाकीट आणि त्यावरील मुदतीची तारीख काकांना दाखवली व त्यांच्यासमोरच ते फाडले. रक्त काढून होताच सुईला टोपण न लावता ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकली. टोपण पुन्हा लावतानाच पुष्कळदा बोटाला टोचते, असे तिने सांगितले. "काका, वापरलेल्या सुईचं भय तुमच्यापेक्षा मलाच जास्त," हे तिचे वाक्य मला मोलाचे वाटले. सुई नवी असेल, तर रोग्याला त्या सुईतून दुसऱ्याचा रोग लागण्याचे भय उरत नाही. तंत्रज्ञाला मात्र दिवसभर अनोळखी रक्त हाताळावे लागते. म्हणूनच त्यांना कावीळ 'ब'ची लस घ्यावी लागते. (तिची तिन्ही टोचणी झाली होती, हेही काकांनी विचारून घेतले!)

राहिली रक्ताची गोष्ट. प्रौढ देहात सुमारे ५ लिटर रक्त असते; अशा तपासणीस काही मिलिलिटर पुरतात. घेरी येणाऱ्याने तसे आधीच सांगून आडवे पडावे, त्यात लाज कसली?

काकांची साखर ३१२ निघाली. औषध सुरू झाले, पाय वाचला. आता ते दर तीन महिन्यांनी आपणहून जातात; पाकीट फाटल्याचा आवाज ऐकल्याविना मात्र हात पुढे करीत नाहीत.

२०२३ साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. धारणी-चिखलदऱ्याकडील आपल्या कुटुंबांतील मुलांची बोटे अशा तपासणीत टोचली जातात. बोटाची ती लहानशी टोचणीही एकदाच वापरायची असते. शिबिरात रांग लांब आणि घाई फार. तेव्हा आईबापांपैकी कोणी तरी मुलाजवळ उभे राहून पाहावे, आणि शंका आल्यास निःसंकोच विचारावे.