पत्र्याच्या पेटीतील पंचवीस आकृत्या

स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले आणि आम्ही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आठवीत प्रवेश मिळाला तेव्हा हीच पेटी डोक्यावर घेऊन वडील शाळेच्या फाटकापर्यंत आले होते. झाकणावरचा आमचा क्रमांक अजून वाचता येतो. आत मात्र वसतिगृहातले काही उरलेले नाही. आहेत त्या चार जाड वह्या, आमच्या अपुऱ्या राहिलेल्या संशोधनाच्या. त्यांतल्या एकीत पंचवीस आकृत्या आहेत, आणि त्यांच्यामागे दीडशे पानांचा हिशेब. हिशेबाचे उत्तर शून्य आहे.

दोन कण एकमेकांवर आदळले की काय काय बाहेर पडेल, हे निसर्ग निश्चित सांगत नाही. तो फक्त शक्यता सांगतो. ती शक्यता ज्या संख्येवरून काढतात तिला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. ती काढण्याची रूढ रीत रिचर्ड फाइनमन यांची. टक्कर ज्या ज्या मार्गांनी घडू शकते त्या प्रत्येकाची आकृती काढावयाची, प्रत्येकीची किंमत मांडावयाची आणि सर्वांची बेरीज करावयाची. प्रोटॉनच्या आत क्वार्कांना बांधून ठेवणारे जे ग्लुऑन, ते आपसांतही गुंतत असल्यामुळे त्यांच्या आकृत्या भराभर वाढतात. दोन ग्लुऑनांतून दोन निघाले तर 4 आकृत्या, तीन निघाले तर 25, चार निघाले तर 220, पाच निघाले तर 2,485. आठ निघाले की संख्या एक कोटीच्या पुढे जाते.

स्टीफन पार्क आणि टोमाझ टेलर या दोघांनी अमेरिकेतील फर्मीलॅब येथे त्या 220 आकृत्यांचा हिशेब 1985च्या सुमारास तडीस नेला. पुढल्या वर्षी त्यांनी जे छापले ते पाहून आजही हसू येते. ग्लुऑनांना डावी किंवा उजवी अशी फिरकी असते. सर्व ग्लुऑन बाहेर पडणारे मानले आणि त्यांपैकी फक्त दोघांची फिरकी इतरांच्या उलट असली, तर कितीही ग्लुऑन असोत, उत्तर एका ओळीत मावते. मुले रिंगणात बसवावीत तसे ग्लुऑन ठरावीक क्रमाने बसवा. कोणत्याही दोघांच्या संवेगांवरून एक लहानशी संख्या निघते. प्रत्येक शेजारजोडीच्या अशा संख्यांचा गुणाकार छेदात; उलट फिरकीच्या त्या दोघांच्या संख्येचा चतुर्थ घात अंशात. संपले. हे त्यांनी सिद्ध केले नव्हते. अंदाज बांधला होता आणि हाती असलेल्या हिशेबाशी ताडून पाहिला होता. सिद्धता बेरेंड्स आणि गीले यांनी नंतर दिली.

आम्ही संशोधनास लागलो तेव्हा हे सूत्र जुने झाले होते. तरी मार्गदर्शकांनी बजावले, "पाच ग्लुऑनांचे काम आधी जुन्या रीतीने करा. सगळ्यांची फिरकी सारखी घ्या." पंचवीस आकृत्यांस अडीच महिने लागले. पायरी सोडली की गुण गेला, हे गणिताच्या गुरुजींनी रात्रीच्या अभ्यासिकेत आमच्या हाडीमाशी भिनवले होते, म्हणून एकही पायरी सोडली नाही. शेवटी काही पदे शिल्लक राहिली, आणि तीन आठवड्यांनी सतराव्या आकृतीत एक चिन्ह चुकलेले सापडले. ते सुधारताच सारे एकमेकांत विरून गेले. शून्य! आम्ही घाबरत घाबरत वही पुढे केली, तर मार्गदर्शक म्हणाले, "शून्यच यायला हवे होते." मग त्यांनी तेच अर्ध्या पानात करून दाखविले. ग्लुऑनाचे वर्णन करताना एक निवड आपल्या मर्जीची असते. ती सर्वांसाठी एकच केली की कोणत्याच आकृतीत काही उरत नाही.

तेथेच आम्हास मर्म उमगले. एकेका आकृतीची किंमत ही निसर्गाची वस्तूच नव्हे. ती आपल्या मर्जीबरोबर बदलते. निसर्गाची वस्तू म्हणजे बेरीज. दीडशे पानांचा पसारा टकरीत नव्हता, आमच्या मांडणीत होता.

पुढच्या वर्षी वडील अंथरुणास खिळले. आम्ही संशोधन सोडले आणि कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी धरली. 2005 मध्ये ब्रिटो, काचाझो, फेंग आणि विटेन यांचा लेख वाचला. मोठे ॲम्प्लिट्यूड लहान ॲम्प्लिट्यूड जोडून रचण्याची ती रीत. पार्क-टेलर सूत्रात न बसणारे सहा ग्लुऑनांचे अवघड प्रकारही तीत दोन-तीन पदांत आटोपतात. त्या रात्री कौतुकापेक्षा खंतच अधिक वाटली. आपले उमेदीचे दिवस ज्यात गेले ते काम आता कोणास करावेच लागणार नव्हते. 2013 साली अर्कानी-हामेद आणि त्र्न्का यांनी ॲम्प्लिट्यूड म्हणजे एका भौमितिक आकाराचे घनफळ आहे असे दाखविले, तेव्हा तर अवकाश आणि काळच गेले अशी हाकाटी झाली. ती आम्हास पटली नाही. तो सिद्धांत आपल्या जगाचा नव्हे, त्याचा अतिसममित चुलतभाऊ आहे. मात्र 2023 मध्ये काही ॲम्प्लिट्यूडांत अशी शून्ये आढळली की जी एकाही आकृतीत दिसत नाहीत, बेरजेतच प्रकटतात. ते वाचून आमची वही आठवली.

आणि तरीही गेल्या वर्षी आमच्या हातून एक गोष्ट घडली. बारावीच्या चाचणीत आम्ही घनाच्या बारा कडांवर सारखे रोध घालून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधला रोध विचारला होता. समीकरणांची दोन पाने अपेक्षित होती. एका मुलीने तीन ओळींत लिहिले: प्रवाह आधी तीन वाटांत सारखा फुटेल, मग सहा, मग पुन्हा तीन, म्हणून एक तृतीयांश, एक षष्ठांश, एक तृतीयांश, बेरीज पाच षष्ठांश. आम्ही लाल शाईने "रीत नाही" असा शेरा मारून पाचपैकी दोन गुण दिले. ती काही बोलली नाही.

पेटी उघडली त्याच आठवड्यात आम्ही ती उत्तरपत्रिका मागवून घेतली, पाच गुण केले आणि वर्गासमोर आमची चूक सांगितली. नंतर तिला वही दाखविली. तिने आकृत्या मोजल्या, पाने उलटली आणि विचारले, "सर, उत्तर एका ओळीचे आहे हे त्या दोघांना आधीच कसे कळले?"

"आधी नाही कळले," आम्ही म्हणालो. "220 आकृत्या केल्यावर कळले."

"मग मी पण पंचवीस करून बघू का?"

आम्ही सतराव्या आकृतीतील चिन्हाबद्दल तिला काही सांगितले नाही. त्या पानावरची सुधारणा पेन्सिलीची होती. ती खोडून टाकली. वही सध्या तिच्याकडे आहे.