पासिंगच्या वाटेवर हेल्मेटचं चलन

आमचा छोटा टेम्पो भाजी मार्केटला लागतो. गाडीला आठ वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे आता पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरवर्षी. यंदा तारीख घेऊन सकाळीच आरटीओच्या ट्रॅकवर गाडी लावली. ब्रेक, लाइट, हॉर्न सगळं ठीक निघालं. मग साहेबांनी मागच्या लाल रिफ्लेक्टर टेपवर नख फिरवलं. एका कोपऱ्यात ती जराशी उचलली होती. "नवीन लावा, मग या." वायपर चालत होता, पण रबर कडक झालंय म्हणाले. दारावरचं नावही त्यांना पुसट वाटलं.

गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. माझा आवाज चढायलाच लागला होता. तेवढ्यात मागच्या गाडीचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "भांडू नकोस. कारणं लिहून माग." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ मध्ये तसं आहेच. फिटनेस नाकारलं, तर कारणं लेखी द्यावी लागतात. मी नीट विनंती केली. कागदावर दोनच गोष्टी आल्या, टेप आणि वायपर. नावाचा उल्लेखही नव्हता.

टेप बिल आणि प्रमाणपत्रासह मान्यताप्राप्त दुकानातूनच घ्या. साधी चमकती पट्टी चालत नाही.

पुढच्या खेपेला टेप, वायपर पास झालं, पण खिडकीवर थकीत चलन निघालं. विना हेल्मेट, ५०० रुपये. टेम्पोला! "भरून टाका, पाचशेच तर आहेत," असं खिडकीवरही सांगितलं आणि रांगेतही. मला ते पटेना. न केलेल्या गुन्ह्याचे पैसे का भरायचे?

चलनावरचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. स्कूटर होती. तिच्या नंबरातला ३ कुणीतरी ८ वाचला होता. ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. चलन क्रमांक, आरसी आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असे टेम्पोचे पुढून-मागून फोटो जोडले. बरेच दिवस उत्तर आलं नाही. धीर सुटत चालला होता. शेवटी सगळ्याच्या प्रिंट घेऊन वाहतूक शाखेत गेलो. तिथल्या ताईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि तक्रार पुढे पाठवली. चलन रद्द झालं, मग पासिंगही झालं.

आता पासिंगच्या महिनाभर आधीच गाडीच्या नंबरावर काही थकीत आहे का, ते पाहून ठेवतो.