मावशीच्या मिशा

जत्रेत आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली तमाशातली मावशी अजून डोळ्यांपुढे आहे. चापूनचोपून नेसलेली नऊवारी, हनुवटीखाली धरलेला पदर आणि पदराआडून डोकावणाऱ्या भरघोस मिशा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची ही म्होरकी. कृष्णाचा सवंगडी पेंद्या वाट अडवून दाण मागायचा, मावशी कमरेवर हात ठेवून असं काही सुनावायची की लोक मांडव डोक्यावर घ्यायचे. गौळणी खऱ्या बाया. गाणं त्यांचं, नाच त्यांचा. हसवणं मात्र मिशांच्या वाट्याला.

संस्कृत नाटकातला विदूषक तर पुरुषच, राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. देवलांच्या 1916 च्या ‘संशयकल्लोळ’ नाटकातली कृत्तिका नवऱ्याच्या, फाल्गुनरावाच्या, तोडीस तोड हसवते, पण त्या काळी तिचं लुगडंही पुरुषच नेसायचे. बाईनं रंगमंचावर लाजावं, झुरावं. वेडंवाकडं तोंड करू नये. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडात नवऱ्याला विटलेली फटकळ बाई उभी केली खरी. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडींसारख्या बाया ते भारूड गाजवायला पुढे आल्या त्या मात्र आपल्या काळात.

मला विदूषकीण घरातच सापडली. श्रावणातला मंगळवार, मंगळागौरीचं जागरण. पुरुषांना माजघरात मज्जाव, म्हणून मी दाराच्या फटीला डोळा लावलेला. झिम्मा, फुगड्या, लाट्या होऊन बायका दमल्या, तशी थोरली काकू उठली. दिवसभर ‘हो मामंजी’ यापलीकडे शब्द न काढणारी काकू! तिनं खुंटीवरचा आजोबांचा काळा कोट चढवला, टोपी तिरकी केली, कोळशानं मिशी काढली. काठी टेकत, घसा खाकरत पाटावर बसली, हवेतली आमटी भुरकली आणि म्हणाली, “सूनबाई, आज मीठ परवडलं नाही वाटतं!”

आजी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. तरी डोळ्यांतून पाणी.

एवढ्यात ओसरीवरून खरं खाकरणं ऐकू आलं. कोट खुंटीवर गेला, मिशी पदरानं पुसली गेली, आणि लगेच कुणीतरी गौरीची आरती सुरू केली.

सकाळी काकू चहा घेऊन ओसरीवर आली. वरच्या ओठावर कोळशाची पुसट रेघ राहिली होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“सूनबाई, आज आमटीला मीठ परवडेल ना?”

ते हसले की नाही, मिशांमुळे कळलं नाही.