वाकड्या घराची गोष्ट

इंग्लंडचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर लंडनच्या दगडी इमारती येतात. परंतु इंग्लंडच्या वायव्येस, चेशायर परगण्यात, काँगल्टन गावापासून सहा-सात किलोमीटरवर लिटल मोरटन हॉल नावाचे एक लाकडी घर आहे. ते पाहून आम्हाला प्रथम हसू आले व मागाहून नवल वाटले. भोवती पाण्याचा खंदक, आणि आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन मजली घर, इतके वाकलेले की फुंकर मारली तरी पडेल! तरीही ते पाचशे वर्षे उभे आहे.

घर मोरटन घराण्याचे. सोळाव्या शतकात त्यांच्याकडे १३०० एकरांहून अधिक जमीन होती. १५०० नंतर लवकरच बांधकामास सुरुवात झाली आणि पुढील शंभर वर्षे पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यात भर घातली.

बांधणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. ओकचे लाकूड ओले असतानाच तासायचे, कारण वाळले की ते कठीण होते. एका लाकडाला भोक, दुसऱ्याच्या टोकाला कुसू, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. अशा सांध्यांनी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहतो व सारा भार तोच पेलतो. मधल्या जागा काटक्यांच्या विणीवर चिखल लिंपून भरायच्या. कोकणातले वाचक म्हणतील, हा तर आमचा कूड! लाकूड जागच्या जागी वाळते तसे पीळ खाते, पण सांधे अधिकच घट्ट होतात.

मात्र हे घर इतके वाकले, त्याला मालकांची हौसही कारण आहे. दक्षिणेकडील दोन मजले बांधायला घेतल्यावर वरती सुमारे ६८ फूट लांबीचे एक दालन चढविण्यात आले, पाऊस असला की येरझारा घालायला! त्याच्या छपरावर जाड दगडी लाद्या. खालच्या सांगाड्याला हे ओझे सोसले नाही, तो बाहेर फुगला. दालनाची जमीन तर लाटांसारखी वरखाली झाली आहे.

आमचे मन रमले ते चौकातल्या खिडक्यांपाशी. तेथे लाकडात अक्षरे कोरलेली आहेत. मालक विल्यम मोरटन याचे नाव आणि १५५९ हे साल आहेच, पण त्याखाली रिचर्ड डेल या सुताराने ह्या खिडक्या केल्या, असेही लिहिले आहे. सुतार ह्या शब्दाचे स्पेलिंग धड नाही, त्याने काय बिघडते? घडविणाऱ्याचे नाव मालकाच्या नावाबरोबर कोरलेले किती वास्तूंवर सापडते?

पुढे यादवी युद्धात मोरटन राजाच्या बाजूने राहिले आणि कर्जात बुडाले. १६७० नंतरच्या दशकात त्यांनी घर सोडले व ते शेतकरी कुळांना भाड्याने दिले. १८४७ च्या सुमारास बहुतेक खोल्या ओस होत्या, प्रार्थनाघरात कोळसा ठेवीत. १८९२ साली घर एलिझाबेथ मोरटन या जोगिणीकडे आले. तिने प्रार्थनाघर पुन्हा नीट केले आणि १९१२ साली, हे कधीही विकायचे नाही या अटीवर, घर चुलत नात्यातील एका बिशपांना दिले. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. वरच्या दालनाला आधार म्हणून पोलादी सळ्या घातलेल्या आहेत.

१९७६ साली एका खोलीतल्या भिंतीच्या फळ्यांमागे जुनी रंगीत चित्रे निघाली. दुसऱ्याच वर्षी छपरावरच्या लाद्या सैल झाल्याचे लक्षात आले व सहा टप्प्यांत डागडुजी करावी लागली. घर सरळ करायचा खटाटोप कोणी केला नाही, हे आम्हाला फार पटले. वाक काढायला गेले तर चारशे वर्षांचे सांधे तुटतील.

आणखी एक गंमत. ज्या काळ्या-पांढऱ्या रूपासाठी लोक येथे छायाचित्रे काढतात, ती एकोणिसाव्या शतकातली टूम होय. मुळात ओक न रंगवता तसाच ठेवीत, तो उन्हापावसाने रुपेरी होई, आणि मधल्या भिंतींना पिवळट गेरूचा रंग असे. म्हणूनच दुरुस्तीत जी नवी लाकडे बसविली त्यांना काळा रंग दिलेला नाही. नवे कोणते आणि जुने कोणते, हे त्यामुळे खालून पाहणाऱ्यालाही ओळखता येते.